पूररेषेबाहेर प्लॉट घेतला, मग जोत्यात पाणी आलं कुठून?

1 जानेवारी 2025 पर्यंत झालेले 1 गुंठ्यापर्यंतचे जमिनीचे तुकडे नियमित करू, अशी घोषणा महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी जुलै 2025 मध्ये विधानसभेत केली. तेव्हापासून मिरज, वाळवा, पलूस आणि शेजारच्या शिरोळ तालुक्यात गुंठेवारीच्या गप्पा पुन्हा रंगल्यात. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे ज्यांचे व्यवहार अडकले होते, त्यांच्यासाठी ही मोठी सुटका आहे, यात वाद नाही. पण नियमित होणार आहे तो कागद. त्या कागदाखालची जमीन जशी आहे तशीच राहणार. आणि कृष्णाकाठच्या बऱ्याच गावांत त्या जमिनीखाली चार-सहा फुटांवर पाणी आहे.

घर बांधून वर्ष-दोन वर्षं झाली की याचा हिशेब सुरू होतो. खोलीच्या कोपऱ्यात फरशीपासून वीतभर उंचीपर्यंत रंग फुगतो. मग पोपडे सुटतात. बोट फिरवलं तर पांढरी, खारट भुकटी हाताला लागते. याला आपल्याकडे 'लोणा लागला' म्हणतात. पुढच्या वर्षी तो कमरेपर्यंत येतो. कपाट पुढं ओढलं तर मागं काळी बुरशी, गादीला कुबट वास, फरशीवर पाय ठेवला की काही ठिकाणी पोकळ आवाज. घरचे गवंड्याला बोल लावतात, गवंडी सिमेंटला, सिमेंटवाला पाण्याला. छतावर चढून गळती शोधली जाते, पाइप फोडून पाहिला जातो. पण पाणी वरून आलेलंच नसतं.

पूररेषा नदीची, भूजलाची नाही

2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी या भागातल्या माणसांना एक गोष्ट शिकवली, घर नदीपासून लांब हवं. ती चुकीची नाही. आयर्विन पुलाजवळ 40 फूट इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी हे आकडे आता शाळकरी पोरंही सांगतात. प्लॉट घेताना पहिला प्रश्न असतो, 'इथं पाणी आलं होतं का?' विकणारा छातीठोकपणे सांगतो, 'दोन्ही पुरांत थेंब नाही आला.' आणि ते खरंही असतं.

गडबड इथंच होते. जलसंपदा विभागाच्या नकाशावरची निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची हद्द, आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्ही रेषा नदीचं पाणी जमिनीवरून कुठवर पसरेल तेवढंच सांगतात. जमिनीच्या पोटातलं पाणी कुठं किती वर आहे, हे त्या सांगत नाहीत. त्यामुळे पूररेषेच्या बाहेर, ओढ्यापासून लांब, सपाट, काळ्याभोर उसाच्या रानात पडलेला प्लॉट कागदावर सुरक्षित दिसतो. प्रत्यक्षात तोच सगळ्यात ओला निघू शकतो.

कारण शेतकऱ्याला माहीत आहे. कृष्णाकाठी पन्नास-साठ वर्षं उपसा सिंचनाचं पाणी उसाला पाटानं सोडलं गेलं. काळी माती पाणी धरून ठेवते, सहज सोडत नाही. खाली निचरा कमी, वरून पाणी चालूच. पाणी वर चढत गेलं, सोबत क्षार घेऊन आलं, आणि हजारो एकर रान क्षारपड झालं. जमिनीखालचं पाणी 2 मीटरच्या आत आलं की ती जमीन पाणथळ धरतात. 2 ते 3 मीटरवर असेल तर धोक्याच्या काठावर. मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रज कृषी संशोधन केंद्रानं या जमिनींवर वर्षानुवर्षं काम केलंय. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी रानात सच्छिद्र पाइप गाडून पाणी बाहेर काढलं आणि पुन्हा ऊस उभा केला.

म्हणजे शेतीसाठी हा आजार ओळखलाय, औषधही सापडलंय. पण त्याच रानाचा प्लॉट झाला की सगळे ते विसरतात. जे रान 'उतरलं', ज्यात ऊस एकरी पंधरा-वीस टनांवर आला, तेच आधी विकायला निघतं. हे वाईट हेतूनं होतं असं नाही. पिकत नाही म्हणून विकतात, इतकंच. पण ज्या पाण्यानं उसाची मुळं कुजली, ते पाणी घराच्या पायाला सोडेल का?

जोत्याच्या आत काय होतं

अमेरिकेसारख्या देशांत बऱ्याच घरांच्या जमिनीखाली हात-दोन हात पोकळी सोडतात. माणूस सरपटत आत जाऊ शकेल एवढी. तिथं पाणी साचलं तर बॅटरी मारून दिसतं, पंप लावून काढता येतं. आपल्याकडे ही पोकळी नसते. आपण जोतं उभं करतो आणि त्याच्या पोटात भर घालतो. त्यामुळे पाणी साचलेलं दिसत नाही, भर ते पिऊन घेते. स्पंजासारखी.

दिव्यात तेल तळाशी असतं, पण वात वरच्या टोकाला ओली असते. जोत्यातही हेच घडतं. मातीचे कण जितके बारीक तितकं पाणी वर चढतं. मोठ्या खडीत ते जेमतेम बोटभर चढतं, वाळूत वीतभर-हातभर, पण काळ्या चिकण मातीत माणसाच्या उंचीपेक्षाही वर जाऊ शकतं. वीट तर वातच आहे. म्हणून पायाच्या खड्ड्यातून निघालेली काळी माती परत जोत्यात ढकलणं, हे घराला स्वतःच्या हातानं वात लावण्यासारखं आहे. आणि तेच सर्रास होतं. माती तिथंच पडलेली असते, वाहून टाकायला ट्रॅक्टर सांगावा लागतो, मुरूम विकत आणावा लागतो. दोन दिवस आणि काही हजार वाचतात.

काळ्या मातीचा दुसरा त्रास वेगळा. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तीच माती कोब्याखाली असते. पावसाळ्यात ती फरशी उचलते, उन्हाळ्यात खाली सोडते. फरशीचा पोकळ आवाज इथून येतो. दाराची चौकट पावसात घट्ट होणं, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघणं, ही त्याचीच भावंडं.

तिसरी गोष्ट क्षारांची, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. पाणी भिंतीतून बाहेर पडताना उडून जातं, मीठ मागं राहतं. मिठाचे खडे प्लॅस्टरच्या आत वाढतात आणि प्लॅस्टर आतून फोडतात. सल्फेट सिमेंट खातं, क्लोराइड सळीला गंज चढवतं. वर कितीही भारी रंग लावला तरी तो एक-दोन पावसाळ्यांत सुटतो, कारण धक्का आतून आहे. त्यात अनेकजण बांधकामाला आणि क्युरिंगला त्याच रानातल्या विहिरीचं खारं पाणी वापरतात! सळीच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा आणि सल्फेट 400 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं भारतीय मानक 456 सांगतं. जिल्ह्याच्या ठिकाणी पाणी तपासणी प्रयोगशाळा आहे. लाखोंचं घर बांधताना एका बाटलीची तपासणी करायला हरकत काय? पण गावात घर बांधताना पाणी तपासून घेणारा माणूस विरळाच.

प्लॉट पाडताना काय बुजवलं जातं

एकट्या घराची चूक एकट्याला भोवते. ले-आउटची चूक तीस घरांना भोवते.

रानाला स्वतःची निचऱ्याची सोय असते. बांधाकडेचा चर, कोपऱ्यातली ओघळ, पुढं ओढा. आजोबांनी ती खोदलेली असते आणि दरवर्षी उन्हाळ्यात साफ केलेली असते. प्लॉट पाडायला जेसीबी येतो तेव्हा पहिल्याच दिवशी हे सगळं सपाट होतं. चर बुजला की दोन प्लॉट जास्त निघतात. वर मुरमाचा रस्ता होतो, आणि तो रस्ता प्लॉटपेक्षा फूटभर उंच. झालं, रानाचं ताट झालं. काठ उंच, मध्ये खोलगट.

मग भरावाची शर्यत लागते. पहिला घर बांधतो तो रस्त्याच्या पातळीला जोतं घेतो. दुसरा त्याच्यापेक्षा फूटभर वर. पाच वर्षांनी ग्रामपंचायत काँक्रीटचा रस्ता करते, तो जुन्यावरच ओतला जातो, म्हणजे आणखी अर्धा फूट. सगळ्यात आधी आलेला माणूस सगळ्यात खाली. त्याच्या उंबऱ्याला रस्त्यावरचं पाणी लागतं, आणि शेजाऱ्यांच्या भरावातून झिरपणारंही त्याच्याच जोत्यात उतरतं.

भराव स्वस्तही नाही. 1 गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, 1,089 चौरस फूट. तो दीड फूट उचलायचा तर 1,600 घनफुटांहून जास्त, म्हणजे 16 ब्रास मुरूम लागतो. तोही दाबल्यानंतरचा हिशेब, सुटा याहून जास्तच. इतका खर्च करूनही जर पाणी जायला वाटच नसेल, तर तो मुरूम ओला होतो, एवढंच.

आता सांडपाण्याचा हिशेब करा. जलजीवन मिशनचं माप माणशी दिवसाला 55 लिटर. पाच माणसांच्या घरात 275 लिटर. एका एकराच्या ले-आउटमध्ये 30 घरं झाली तर रोज 8,250 लिटर पाणी आत येतं. त्यातलं बहुतेक मोरीतून, संडासातून बाहेर पडतं. गटार नसेल तर ते सगळं त्याच एका एकरात जिरतं, पावसाळा असो वा नसो. नळ आला याचा आनंद सगळ्यांनाच झाला, आणि व्हायलाच हवा होता. पण नळासोबत गटार आलं नाही, त्यामुळे पूर्वी उसाला जे पाटाचं पाणी मिळत होतं त्याची जागा आता मोरीच्या पाण्यानं घेतली.

शोषखड्ड्याची गोष्ट तर अधिकच अवघड. जमीन कोरडी असेल तर शोषखड्डा उत्तम. पाणी चार फुटांवर असेल तर तो खालूनच भरतो. ऑगस्टमध्ये संडास 'ओढत नाही' अशी तक्रार येते, ती बहुतेक वेळा टाकी भरल्याची नसते, खालचं पाणी वर आल्याची असते. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून 18 मीटर लांब हवा, असं मानक आहे. 18 मीटर म्हणजे जवळपास 60 फूट. 33 फुटांच्या गुंठ्यात ते बसवायचं कसं? स्वतःच्या बोअरपासून लांब नेला तर तो शेजाऱ्याच्या बोअरजवळ जातो. जोत्यातली ओल दिसते तरी, हे पाणी तर दिसतही नाही. आणि उलट्या-जुलाबाची साथ आली की चौकशी गावच्या टाकीची होते.

जबाबदार कोण, हा प्रश्न विचारला की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात

मंजूर ले-आउट असेल तर मालकाकडे थोडं तरी हत्यार आहे. ठराविक आकारापेक्षा मोठ्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी लागते. रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामात किंवा सेवांमध्ये दोष निघाला, तर विकासकानं तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा आहे. ले-आउटच्या मंजुरीत गटार दाखवलंय आणि जागेवर नाही, तर तो दोषच. पण ही तक्रार करायची तर मंजूर नकाशाची प्रत हातात हवी, आणि प्लॉट घेताना ती मागणारे मोजकेच.

गुंठा-गुंठा विकलेल्या रानाला मात्र ना नकाशा, ना नोंदणी, ना विकासक. विकणारा शेतकरी, घेणारा मजूर, शिक्षक, ड्रायव्हर, मधला एजंट व्यवहार झाला की गायब. ग्रामपंचायत म्हणते, रस्ता आमच्या नावावर नाही, गटार कसं करू? महसूल म्हणतो, एनए नाही. आता हे तुकडे नियमित होतील, घरपट्टी लागेल, कर्जही मिळेल. नेमका हाच क्षण निचऱ्याचा प्रश्न लावून धरण्याचा आहे. नियमित करताना 'पाणी कुठं जाणार' एवढं एक कलम अर्जात असतं, तर पुढची वीस वर्षं वाचली असती. कागद मिळतो. चर मिळत नाही.

घरकुलांचंही तेच. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये किमान 25 चौरस मीटरचं घर, मैदानी भागात 1 लाख 20 हजारांचं अनुदान. काम जोत्यापर्यंत आलं की फोटो निघतो, जिओ-टॅगिंग होतं, पुढचा हप्ता सुटतो. फोटोत जोतं दिसतं. पोटात काळी माती घातली की मुरूम, वर ओलरोधक थर आहे की नाही, यातलं काहीच फोटोत दिसत नाही. गावठाणात जागा नसलेल्या लाभार्थ्याला सहसा सखल, पडीक, कुणालाच नको असलेली जागा मिळते. ज्याच्याकडे दुरुस्तीला पैसा नाही, त्याच्याच घराला ओल लागते. अभियंत्यानं फोटो काढण्याआधी जोत्यात पहार खुपसून पाहिली तरी बरंच कळेल.

घेण्याआधी, बांधण्याआधी

प्लॉट नेहमी उन्हाळ्यात दाखवले जातात. जमीन टणक, धूळ उडतेय, झाडाखाली खुर्च्या. तोच प्लॉट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकदा पाहा. पाऊस थांबून आठ दिवस झाले तरी कोपऱ्यात डबकं आहे का? लव्हाळा माजलाय का? ढेकळांवर पांढरी साय आलीय का? जवळच्या विहिरीत दोर सोडून पाणी किती फुटांवर आहे ते मोजा. त्या रानात ज्यानं ऊस लावला त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, 'चर कुठून जायचा?' हा एक प्रश्न दहा कागदांच्या तोडीचा आहे. गाव नकाशावर ओढा-नाला कुठल्या गटातून गेलाय तेही पाहा. नकाशावर ओढा आहे आणि जागेवर रस्ता आहे, तर तिथून मागं फिरा.

शंका असेल तर मालकाच्या परवानगीनं सहा फूट खड्डा घ्या, झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी उभं असेल तर प्लॉट घेऊच नये असं नाही, पण भाव आणि बांधकाम त्या हिशेबानं करावं लागेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. जिल्हा कार्यालयात आपल्या गावाजवळच्या विहिरीचे आकडे विचारता येतात.

बांधताना सगळ्यात आधी जोत्याची उंची. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे ती आजूबाजूच्या जमिनीपासून किमान 45 सेंटीमीटर, म्हणजे दीड फूट हवी. इथं एक मेख आहे. उंची रानापासून मोजू नका, पुढं होणाऱ्या पक्क्या रस्त्यापासून मोजा. रस्ता अजून व्हायचा असेल तर त्याच्यासाठी फूटभर जास्त धरा.

पोटात काळी माती नको. ती जेवढी निघेल तेवढी काढून टाकायची आणि मुरूम अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरानं, पाणी मारून, धुम्मस करून भरायचा. सगळा एकदम ओतून वरून पाणी सोडणं म्हणजे भर नव्हे, तो पुढं खचतोच. त्यावर डबराचं सोलिंग. सोलिंगच्या फटींत माती कोंबू नये, बारीक खडी भरावी, कारण पाणी चढायचं थांबतं ते याच मोकळ्या दगडांच्या थरात. त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, 250 मायक्रॉनचा असला तर चांगला, जोडावर फूटभर एकावर एक घेऊन. मग कोबा. प्लॅस्टिकचा खर्च पूर्ण घराच्या खर्चात कुठं दिसणारही नाही. तरी बरीच घरं त्याशिवायच होतात, कारण गवंड्याला कुणी सांगत नाही आणि तो विचारत नाही.

आणि डीपीसी. 'प्लिंथ बीम आहे की, मग डीपीसी कशाला?' असं साइटवर हमखास ऐकू येतं. बीम वजन पेलतो, ओल अडवायला तो नाही. बीमवर भिंतीच्या पूर्ण रुंदीत, कुठंही खंड न पडता, दीड-दोन इंचांचा दाट काँक्रीटचा थर, त्यात वॉटरप्रूफिंग पावडर किंवा द्रावण, आणि वाळल्यावर गरम डांबराचा हात. दाराच्या उंबऱ्याखाली तो तोडायचा नाही. नंतर बाहेरचं प्लॅस्टर थेट जमिनीपर्यंत उतरवलं तर पाणी डीपीसीला वळसा घालून प्लॅस्टरमधून वर चढतं. तिथं एक खाच सोडावी लागते. क्षारपड जमिनीत पायाच्या काँक्रीटला स्लॅग सिमेंट वापरणं शहाणपणाचं, आणि सळीवरचं कव्हर कमी करू द्यायचं नाही. पाया कसा घ्यायचा, काळ्या मातीत किती खोल जायचं, हे मात्र शेजाऱ्याचं बघून ठरवू नये. स्थापत्य अभियंत्याची फी तिथंच वसूल होते.

छताचं पाणी हा सोपा पण विसरला जाणारा भाग. 600 चौरस फुटांच्या छतावर एका दिवसात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 2,800 लिटर पाणी होतं, 200 लिटरची 14 बॅरल. ते पाइपातून थेट भिंतीच्या पायाशी सोडलेलं किती घरांना दिसतं! घराभोवती तीन फुटांची फरसबंदी, बाहेरच्या बाजूला उतार, आणि पाइपाचं तोंड गटारात. एवढं तरी हवंच.

इथं एक उलटी गोष्ट सांगायला हवी. जत, आटपाडी, कवठे महांकाळमध्ये पावसाचं पाणी जमिनीत मुरवणं हे पुण्याचं काम. पाणथळ ले-आउटमध्ये तेच केलं तर शेजाऱ्यांच्या जोत्यात भर. तिथं पाणी टाकीत साठवावं, वापरावं, जास्तीचं ओढ्याला सोडावं. एकाच जिल्ह्यात दोन नियम, कारण जमिनी दोन. आणि टेंभू-म्हैसाळचं पाणी जिथं नव्यानं पोहोचतंय त्या गावांनीही नवे प्लॉट पाडताना चर बुजवू नयेत. पन्नास वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या विहिरीही खोलच होत्या.

पूर्ण ले-आउटसाठी उपाय एकच, शेताचाच. कडेनं चर, त्यात खडी आणि जाळीचं कापड गुंडाळलेला सच्छिद्र पाइप, 100 फुटांना निदान 6 इंच उतार, आणि शेवटी ओढ्यात मोकळं तोंड. तोंड मोकळं नसेल तर बाकी सगळं वाया. ओढ्यात झाडं-गाळ असेल, पुढच्या गटात कुणी भराव टाकला असेल, तर वरच्या तीस घरांचं पाणी अडतं. म्हणून ओढ्यावरचं अतिक्रमण हा एका शेतकऱ्याचा आणि तलाठ्याचा मामला उरत नाही.

ज्यांची घरं झालीत त्यांनी आतून टाइल्स चढवण्याची घाई करू नये. ओल टाइल्समागून वर जाते आणि फुटभर उंचावर बाहेर येते. आधी बाहेरचं पाणी तोडावं. छताचा पाइप, मोरीचा पाइप, अंगणाचा उतार, शेजारच्या शोषखड्ड्याचं अंतर. जोत्याभोवती चर घ्यायचा तर पायाच्या तळापेक्षा खोल जायचं नाही, नाहीतर पायाच सरकेल. एक उन्हाळा भिंत वाळू द्यावी, सुटलेलं प्लॅस्टर खरवडून मीठ झाडून काढावं, मगच नवं प्लॅस्टर. भिंतीला भोकं पाडून रसायन भरण्याचा उपायही आहे, तो खर्चिक आहे आणि खालचं पाणी हटल्याशिवाय त्याचा भरवसा कमी.

पैशाचं म्हणाल तर 15 व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेच्या कामांना बांधून दिला होता, त्यात सांडपाण्याची गटारं बसतात. आपल्या गावानं त्यातलं किती कुठं खर्च केलं, हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर मोबाइलवरच बघता येतं. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला विहिरींचं पाणी वर असतं, डबकी अजून वाळलेली नसतात, आणि भूजल यंत्रणेची पावसाळ्यानंतरची मोजणीही त्याच महिन्यात होते. नव्या वसाहतीच्या निचऱ्याचा ठराव मांडायचा तर त्याच सभेत, डबक्याचे फोटो आणि जुन्या चराची खूण दाखवणारा गाव नकाशा सोबत घेऊन.